डाव्या हाताचा क्लच

"गाडी विकून टाक अन् एखादी ऑटोमॅटिक घे," हे मला सर्वात आधी माझ्या मामेभावानं सांगितलं. तो माझ्याच ओसरीत बसून माझ्याच हातचा चहा पीत होता, म्हणून वाचला. नाहीतर तो कप त्याच्या डोक्यावर रिकामा करायची माझी फार इच्छा होती. त्यानंतर जो आला त्यानं तेच सांगितलं. चुलतसासूनं सांगितलं, शेजारणीनं सांगितलं, आठवडी बाजारात वांगी निवडताना एका अनोळखी बाईनंही सांगितलं. ज्यांनी जन्मात बैलबंडीशिवाय काही हाकलं नव्हतं, ते मला ऑटोमॅटिकचे फायदे समजावत होते. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! माझा पाय गेला होता, अक्कल नव्हती गेली.

पाय गेला म्हणजे तोडला वगैरे नाही. धान रोवण्याचे दिवस होते. बांधीतल्या, म्हणजे खाचरातल्या, चिखलातून वर येताना कडेच्या धुऱ्यावर डावा पाय टाकला आणि घोट्याला परड चावली. पुस्तकात तिला घोणस म्हणतात, आमच्या झाडीपट्टीत परड. चंद्रपूरच्या दवाखान्यात जीव वाचला, पायही वाचला, पण घोट्याखाली जोर म्हणून काही उरला नाही. पट्टा बांधून मी चालते, स्वयंपाक करते, भांडते. पण गाडीचा क्लच दाबायला गेले की पाय पेडलवर नुसता पडून राहायचा, आणि जास्त रेटला तर अशी कळ निघायची की डोळ्यांपुढे काजवे.

गाडी म्हणजे आमची लाल. छोटी, पेट्रोलवर चालणारी, टर्बोवाली. नाक ठेचलेल्या अवस्थेत घेतली होती आणि घरामागच्या सांदवाडीत, तणसीच्या ढिगाशेजारी, आम्ही दोघांनी मिळून उभी केली होती. आम्ही दोघं म्हणजे मी आणि माझा नवरा. तो राइस मिलमध्ये फिटर आहे. तोंड कमी चालवतो, पाना जास्त. आमच्यात तोंड चालवायचं खातं माझ्याकडे आहे. आम्ही तिच्या स्प्रिंगा कडक केल्या, सायलेन्सर बदलला, टर्बोचा दाब वाढवला, आणि वाढलेला जोर पेलायला क्लचमध्ये जड प्लेट टाकली. त्यामुळे क्लच इतका कडक झाला की मिलमधले हमाल गंमत म्हणून दाबून बघायचे आणि "वहिनी, हे तुमीच दाबा जी" म्हणून खाली उतरायचे.

नागपूरकडे मातीच्या ट्रॅकवर शर्यती होतात, त्यात बायकांचा वेगळा गट असतो. तिथं मी ही गाडी पळवलेली आहे. ढिवराची पोरगी, मासळी नेणाऱ्या पिकअपवर स्टिअरिंग धरायला शिकलेली. पहिला नंबर कधी आला नाही. पण वळणावर गाडी आडवी होते, माती उडते, आणि आपण ठरवू तेव्हाच ती सरळ होते, त्या वेळी जे सुख लागतं ते मला दुसऱ्या कशातच लागलेलं नाही. देवळातही नाही. देवानं माफ करावं.

त्यामुळे प्रश्न एकच होता. ही गाडी मी स्वतः पुन्हा चालवणार की नाही? ऑटोमॅटिक घेऊन मी बाजारात गेले असते, मान्य आहे. ती कोणाच्या तरी सोयीची असेल, मी नावं ठेवत नाही. पण मला माझी लाल हवी होती, तिच्या गिअरसकट, तिच्या गुरगुरण्यासकट.

आणि खरं सांगू? पायापेक्षा लोकांचं प्रेम जास्त जड झालं होतं. दवाखान्यातून आल्यापासून मला सगळ्यांनी काचेची बरणी करून ठेवलं. कुठं जायचं तर आधी कारण सांगा, मग कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसा. माझं माहेर याच गावात, तलावाच्या पलीकडच्या काठाला. बाबा रोज मासळी काढून झाली की इकडे चक्कर मारायचे. पूर्वी आले की ओसरीत टेकायच्या आधी दहा कामं सांगणारा हा माणूस, आता मी पाण्याचा गिलास आणायला उठले तरी म्हणायचा, "तू बस बाई." ते ऐकलं की माझं डोकं उठायचं. बसून बसून मी काय अंडी उबवू?

एके दिवशी नवरा जेवता जेवता म्हणाला, "पायानं नाई दाबत तं हातानं दाबू." इतकंच बोलला आणि वरण ओतून घेतलं. मी भाकर टाकून उठले आणि गाडीत जाऊन बसले. माझा डावा हात तर गिअर टाकण्यापुरताच कामाला होता. त्याच हातानं एक दांडा ओढायचा आणि दांड्यानं पेडल आत ओढायचं, असा बेत ठरला.

दांडा नवऱ्यानं वेल्डिंग करून बसवला, पेडलच्या पुढे पत्र्याला एक चकरी बसवली. दांड्यापासून चकरीवरून पेडलपर्यंत ओढायला काय लावायचं, याचा विचार चालू असताना बाबा आले. त्यांनी सगळं वाकून बघितलं, घरी गेले आणि जाळ्याचा दोर घेऊन आले. नायलॉनचा, बोटाएवढा जाड, नवा कोरा. मोठ्या जाळ्याच्या काठाला लावतात तोच. तलाव उपसायच्या दिवसांत मासळीनं भरलेलं अख्खं जाळं या दोरावर काठाला येतं. त्यांनी स्वतः गाठी मारल्या. ढिवराच्या घरात एकदा दोराला गाठ बसली की त्यावर चर्चा नसते.

सकाळी गाडी चालू केली. दांडा ओढून कोपरात अडकवून धरला, क्लच सुटला, पहिला गिअर अलगद पडला. मी गावातून एक चक्कर मारली आणि ओरडत घरी आले. दुपारी पुन्हा निघाले, तर थोडं फिरल्यावर गिअर पडेना. कर्रर्र! दात घासल्याचा असा आवाज की माझ्याच दातांना झिणझिण्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा शहाण्यासारखी, आणि थोडी फिरली की पुन्हा कर्रर्र.

"गरम झाली का दगा देते. गिअरबॉक्समंदी लोचा आहे," नवरा म्हणाला. बाबांनी मान हलवली. मीही हलवली. झालं, आम्ही गिअरबॉक्स उतरवला. सांदवाडीत ताडपत्री अंथरून त्याचा एकेक दाता पुसून उन्हात मांडला. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. कोंबड्या हाकलायला मला काठी घेऊन बसवलं होतं, तेवढं काम मात्र मला मिळालं. दाते धड, बेअरिंगा धड, सगळं धड. पुन्हा जोडला, पुन्हा चढवला. सकाळी छान, मग कर्रर्र.

तेव्हा माझा तोल गेला. मी गाडी उभी केली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि सगळा राग त्यावर काढत मागे लोंबकळले. तेवढ्यात नजर खाली गेली. दांडा मागे येत होता, आणि पेडल होतं तिथंच! मी पुन्हा ओढला. दोर ताणला जात होता. रबरासारखा नाही, थोडाच, पण क्लच पूर्ण न सुटायला तेवढा पुरे होता. रात्रभर विसावा मिळाला की दोर पुन्हा आखडायचा, म्हणून सकाळी गाडी छान चालायची. चोर सोडून आम्ही संन्याशाला सुळावर दिलं होतं. गावातल्या कोणत्याही मोटरसायकलवाल्यानं आधी दोर बघितला असता. पण आमच्या घरात सगळ्यावर संशय घेतील, देवावरही घेतील, दोरावर घेणार नाहीत.

"बाबा, तुमचा दोर ताणते," मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं.

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी दोर हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला. "ताणतेच ना," ते म्हणाले. "ताणत नाई तो दोर हात कापते. मोठा मासा झटका मारते तवा हाच दोर जरासा ढिला होते, म्हून हात वाचते. तुया हाताले लागू नये म्हून हाच आणला मी."

 दोर ताणला जातो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, आणि त्यांनी तो त्याचसाठी निवडला होता. माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले म्हणून मला आणखी राग आला. मी म्हटलं, "हात कापू द्या बाबा. पण गिअर पडू द्या." ते हसले नाहीत. दोर गुंडाळून घरी घेऊन गेले.

मग आम्ही नागभीडला गेलो, लेथवाल्या चाचांकडे. त्यांच्या वडिलांपासूनचं दुकान, धानाच्या मशिनींचे दांडे, चक्क्यांची चाकं सगळं तिथंच होतं. चाचांनी माझा पाय बघितला नाही, विचारलाही नाही. हात बघितला. "मुठ्ठी दाब बेटी," म्हणाले आणि आपला पंजा पुढे केला. मी दाबला. "ठीक आहे. जान आहे." मग मागच्या भंगारातून एका जुन्या जीपचा हँडब्रेक काढला, दांडा, दाते, बटण आणि पोलादी केबल सगळ्यासकट. "हे पाह्य," ते म्हणाले, "ओढला का अटकून राहते. मंग हात मोकळा. आरामात गिअर टाक. बटण दाबून हळूहळू सोड. बात खतम."

बात खतम झाली असं मलाही वाटलं. चाचांनी दांडा थोडा लांब करून दिला, म्हणजे जड प्लेटही हाताला झेपेल. नवरा मध्ये एकदा म्हणाला होता की जुनी मऊ प्लेट परत टाकू, तर मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं तो विषय मिलमध्येच पुरला. केबल बसवली आणि गाडी गावभर फिरवली. कर्रर्र नाही, काही नाही. खांदा भरून यायचा, पण ते दुखणं मला गोड लागत होतं.

अडचण निघाली ती चढावर. आमचा मुलूख सपाट. जिकडं बघाल तिकडं बांध्या आणि पाणी. पण हातानं क्लच चालवायचा तर लायसन्सवर तसा शेरा लागतो, आणि त्यासाठीच्या परिवहन कार्यालयाच्या तपासणीत चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलावी लागते, मागे सरकू न देता. धडधाकट माणूस काय करतो? हँडब्रेक ओढतो, डाव्या पायानं क्लच सोडतो, उजव्यानं रेस देतो, गाडीनं उचल घेतली की हँडब्रेक सोडतो. माझा क्लचही डाव्या हातात आणि हँडब्रेकही डाव्याच हातात. आणि उजव्या हातानं स्टिअरिंग सोडलं तर मग बोलायलाच नको.

सरावाला चढ म्हणाल तर एकच, तलावाची पार, म्हणजे मातीचा उंच बांध. गावाकडच्या बाजूचा चढ घरांमधून जातो. तिकडं मागे सरकले असते तर कोणाच्या तरी न्हाणीत शिरले असते. म्हणून पाण्याकडची बाजू घेतली, जिथं मासळी भरायला पिकअप उतरते. पाण्यात गेले तर मी एकटीच भिजेन, असा हिशोब. बाबा लाकडाचा ओंडका घेऊन मागच्या चाकापाशी उभे राहिले, नवरा खिडकीशी.

पहिल्या खेपेला इंजिन बंद पडलं. पुढच्या खेपेलाही. मग मी रेस वाढवून घाईनं हँडब्रेक सोडला, आणि क्लचच्या दांड्यावर हात पोचेपर्यंत गाडी मागे निघाली.  बाबांनी ओंडका चाकाखाली सारला, गाडी त्यावर धडकून थांबली, आणि धक्क्यानं बाबा चिखलात पाठीवर पडले. मागचं चाक पाण्याला टेकलं होतं.

मी खाली उतरेपर्यंत ते उठून बसले होते. लागलं नव्हतं.  माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "विकून टाक बाई. एकडाव तुले मरता मरता पाह्यलं. आता नाई पाहवत."

मामेभावाला मी उत्तर दिलं असतं. बाबांना काय देणार? त्या दिवशी मी पहिल्यांदा मनातून हरले. गाडीच्या बॉनेटला टेकून मी रडले, मोठ्यानं, लाज न बाळगता. रडता रडता नवऱ्याला शिव्या घातल्या, परडेला घातल्या, परिवहन कार्यालयालाही घातल्या. नवरा सगळ्यांच्या वतीनं ऐकून घेत होता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "उजवा पाय तं धड आहे ना तुया?"

"एकच आहे! त्यानं ब्रेक दाबू का रेस देऊ?" मी खेकसले.

आणि खेकसता खेकसताच मला उत्तर सापडलं. अगं बये! मातीच्या ट्रॅकवर वळणात शिरताना मी दुसरं करत काय होते? पंजानं ब्रेक दाबलेला, आणि टाच आडवी करून त्याच पायानं रेस द्यायची. तिथं ते अंगवळणीच पडलं होतं. पण ते वेगात करायचं काम, उभ्या गाडीत, चढावर करता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ब्रेक पंजाखाली, रेस टाचेखाली, क्लच हातात. हँडब्रेक लागतोच कशाला?

पण शर्यतीत ते क्षणभराचं काम होतं; उभ्या गाडीत पाय तसाच तिरपा धरून ठेवायला दोन पेडलमधलं अंतर जास्त होतं. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी रेसच्या पेडलला बाजूनं पत्र्याची एक पट्टी जोडली, कडा घासून गुळगुळीत केली, बूट अडकतो का ते पुन्हा पुन्हा तपासलं. मी सांदवाडीतच, इंजिन बंद ठेवून, पाय तिरपा करायचा सराव करत बसले. पंजा, टाच, हात. पंजा, टाच, हात. चूल पेटवायची आठवणही राहिली नाही. नवऱ्यानंच भात टाकला.

बाबांना बोलवायला मी स्वतः गेले. ते जाळं विणत होते. म्हटलं, "बाबा, अजून एकडाव. नाई जमलं तं तुमी म्हणाल तशी विकीन." हे मी बोलले, आणि बोलल्यावर घाबरले, कारण बाबांना दिलेला शब्द मी फिरवत नाही. त्यांनी बराच वेळ सुई चालवली. मग उठले, कोपऱ्यातला ओंडका उचलला आणि माझ्या आधी चालू लागले.

गाडी पाण्याकडून चढावर घेतली आणि मध्यावर थांबवली. पंजा ब्रेकवर घट्ट. क्लचचा दांडा ओढलेला. आरशात बाबा दिसत होते, ओंडका दोन्ही हातांत धरून वाकलेले. टाच टेकवली. इंजिन गुरगुरलं. बटण दाबून दांडा हळूहळू सोडू लागले, आणि एका जागी गाडीनं नाक किंचित उचललं. तो क्षण माझ्या तळहाताला कळला. पूर्वी तो तळपायाला कळायचा. मी पंजा उचलला. गाडी मागे गेली नाही. एक बोटभरही नाही. ती पुढे गेली, पारेवर चढली, आणि मी आनंदानं काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही.

तिथं थांबायचं ठरलं होतं. मी थांबले नाही. दुसरा गिअर टाकला, पारेवरून वळून रस्त्याला लागले, मग तिसरा. दोन्ही बाजूंना धान पोटरीला आलेलं. टर्बो शीळ घालू लागला आणि मी मोठ्यानं हसत सुटले, एकटीच, वेड्यासारखी. लायसन्सवरचा शेरा अजून व्हायचा होता, म्हणून हा परिच्छेद साहेबांनी वाचू नये. पुढे रीतसर तपासणी झाली, चढही झाला, साहेबांनी खाली वाकून जीपचा हँडब्रेक दोनदा ओढून बघितला आणि पास केलं. पण मला विचाराल तर मी पास झाले ती त्या दिवशी.

नागभीडचं रेल्वे फाटक बंद होतं, म्हणून थांबावं लागलं. तेव्हा कुठं ध्यानात आलं की दोन माणसं मी तलावावर तशीच सोडून आले आहे, त्यातला एक हातात ओंडका धरून. तेवढ्यात फोन वाजला. बाबा.

"कुठी आहेस बाई?"

"नागभीडले."

"काऊन?"

मी कारण शोधू लागले. सवयच लागली होती, कुठं जायचं तर कारण तयार ठेवायची. औषध म्हणू, चाचांना दांडा दाखवायचा म्हणू. मग मी म्हटलं, "काऊन नाई बाबा. अशीच आली."

  पलीकडे बाबा नवऱ्याला सांगताना ऐकू आले, "अशीच गेली म्हणते." त्यांचा आवाज फाटला होता, पण ते हसत होते. नाक ओढून ते पुन्हा फोनवर आले.

"मंग येतानी माया तंबाखूची पुडी घेऊन येजो," ते म्हणाले. "अन् हे पाह्य, तिथी नुसतीच बसून नोको राहू."